पापड लाटायला नको, पापडाचा भाव काढायला शिकवा

गावात बचत गटाच्या बायकांसाठी प्रशिक्षण आलं की विषय जवळपास ठरलेले असतात: पापड-लोणची, शिवणकाम, अगरबत्ती, फिनेल. आठ-दहा दिवस वर्ग चालतो, शेवटच्या दिवशी पाहुणे येतात, प्रमाणपत्रं वाटली जातात, फोटो निघतो. वर्षभराने चौकशी केली तर वर्गात बसलेल्यांपैकी धंद्यात टिकलेल्या फार थोड्या निघतात, आणि त्यातल्याही बऱ्याच जणी आधीपासूनच काहीतरी विकत होत्या.

यात बायकांचा दोष नाही. पापड त्यांना शिकवणाऱ्यापेक्षा चांगले लाटता येतात. अडतं ते भाव काढण्यात, उधारी सांभाळण्यात, घरचा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवण्यात, कर्जाचं व्याज समजण्यात. नेमक्या याच गोष्टींना प्रशिक्षणात शेवटच्या दिवशीचा अर्धा तास मिळतो. गरिबी कमी करायची म्हणून प्रौढांना उद्योग शिकवायचा असेल, तर हे प्रमाण उलटं करायला हवं, असं माझं ठाम मत आहे. जे सीआरपी (गावात बचत गटांना मार्गदर्शन करणाऱ्या समुदाय संसाधन व्यक्ती), संस्थांचे कार्यकर्ते आणि प्रशिक्षक हे काम करतात, त्यांच्यासाठी हे तपशिलात लिहितो आहे.

एका लॉटचा हिशोब

समजा १० किलो उडदाच्या पिठाचे पापड करायचे आहेत. भाव तालुक्यागणिक आणि हंगामागणिक बदलतात. खालचे आकडे रीत दाखवण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या बाजारातले भाव घालून पाहा.

डाळ १३० रुपये किलो आणि दळण किलोला १० रुपये, म्हणजे पिठाचे १,४०० झाले. पापडखार, मीठ, मिरे, हिंग मिळून २५०. लाटायला लागणारं तेल आणि वरचं पीठ १००. बेरीज १,७५०. इथवरचा हिशोब बहुतेकींचा तोंडपाठ असतो. किलोला १७५ पडले, २२० ला विकले, ४५ रुपये सुटले. दहा किलोमागे साडेचारशे नफा झाला, असं समजून काम चालू राहतं.

आता राहिलेला खर्च मांडू. मीठ-मसाला धरून वाळल्यावर साधारण साडेदहा किलो पापड होतात. त्यातला अर्धा किलो मोडतो, चिरतो, घरातच खाल्ला जातो. विकण्याजोगा माल १० किलो. त्याची २०० ग्रॅमची ५० पाकिटं होतात. पाकीट आणि लेबल मिळून चार रुपये धरले तर २०० झाले. तालुक्याला माल नेण्याचं एसटीचं आणि रिक्षाचं भाडं १५०. म्हणजे खिशातून रोख गेले २,१००. आणि मजुरी? तीन जणी दिवसभर लाटतात. चौथी पीठ भिजवते, कुटते, वाळवणावर लक्ष ठेवते, पाकिटं भरते. शेतात गेल्या असत्या तर ३०० रुपये रोज मिळाला असता असं धरलं, तर चौघींचे १,२०० झाले. एकूण ३,३००. किलोला ३३०, पाकिटाला ६६.

म्हणजे २२० च्या भावाने दहा किलोचे आले २,२००, त्यातून रोख खर्च वजा जाता उरले १००. चौघींच्या दिवसभराच्या कष्टाचे मिळून शंभर रुपये, एकीच्या वाट्याला पंचवीस. हा आकडा फळ्यावर प्रशिक्षकाने लिहायचा नाही. गटातल्याच एकीकडून काढून घ्यायचा, तिच्याच मागच्या लॉटवरून. दुसऱ्याने सांगितलेला हिशोब पटतो आणि विसरला जातो. स्वतः काढलेला विसरत नाही.

पुढची पायरी दुकानाची. दुकानदार छापील किमतीवर २० टक्के मागतो असं धरू. ८० रुपये छापले तर त्याचे १६ गेले, हातात ६४ आले, पाकिटामागे दोन रुपये तोटा. ९० छापले तर त्याचे १८, हातात ७२, सहा रुपये सुटले. ५० पाकिटांचे ३००. याच तीनशेतून सीलिंग मशीनचा घसाराही जायचा. मशीन २,४०० चं, दोन वर्षं टिकणारं, म्हणजे महिन्याला १०० रुपये. महिन्याला चार लॉट काढत असाल तर प्रत्येक लॉटवर २५.

बाजारात तसंच पाकीट ७५ ला मिळत असेल तर? मग वर्गात खरी चर्चा सुरू होते. डाळ चार गटांनी मिळून आडतीवरून पोत्याने घेतली तर किती वाचतील? दुकान टाळून शाळेतले शिक्षक, बँकेचे कर्मचारी, पुण्या-मुंबईचे नातेवाईक यांना थेट विकता येईल का? नाचणीचा किंवा पोह्याचा पापड केला तर स्पर्धा कमी आहे का? आणि यातलं काहीच जमत नसेल तर पापड करायचेच नाहीत, हेही योग्य उत्तर आहे. दहा किलोवर हे कळणं स्वस्त पडतं, ५० हजारांचं कर्ज काढल्यावर कळणं महाग.

लेबलाबद्दल एक सांगायला हवं. पाकिटावर वजन, छापील किंमत, घटक पदार्थ, उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक नसेल तर जरा बरा दुकानदार माल ठेवत नाही. प्रशिक्षण संपेपर्यंत ही नोंदणी झालेली असावी. ‘नंतर करू’ म्हटलेली नोंदणी सहसा होत नाही.

उधारी आणि दोन डबे

दुकानदार माल घेतो, पण पैसे महिन्याने देतो. दर आठवड्याला एक लॉट काढला, तर पहिला पैसा हातात येईपर्यंत चार लॉट बाहेर गेलेले असतात. रोख खर्चच ८,४०० झाला. मजुरी घेतली असेल तर १३,२००. गटातून दहा हजार उचलून सुरू केलेला धंदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बंद पडतो तो बहुतेक वेळा इथेच. माल चांगला असतो, विक्रीही होत असते, फक्त पुढच्या डाळीला पैसे नसतात. म्हणून कर्ज किती घ्यायचं हे ‘योजनेत किती मिळतं’ यावरून ठरवू नका. एका लॉटचा खर्च आणि पैसे परत यायला लागणारे आठवडे, यांच्या गुणाकारावरून ठरवा.

दुसरी गळती घरातली. सासूच्या औषधाला गल्ल्यातून दोनशे गेले, मुलाने बरणीतलं बिस्किट घेतलं, पाहुण्यांना पापड तळले. हे थांबणार नाही, थांबवूही नये. फक्त त्याची नोंद व्हायला हवी. यावर उपाय दोन डब्यांचा: एक धंद्याचा, एक घराचा. धंद्याच्या डब्यातून आठवड्याला ठरलेली मजुरी काढून घराच्या डब्यात टाकायची. घराला जास्त लागलं तर चिठ्ठी लिहून डब्यात ठेवायची, लिहिता येत नसेल तर रेघा मारायच्या.

बाळबोध वाटतं, पण असल्या ठोकताळ्यांच्या बाजूने चांगला पुरावा आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या कर्जदार व्यावसायिकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला रीतसर हिशोब ठेवायला शिकवलं, दुसऱ्याला असले सोपे ठोकताळे दिले, तिसऱ्याला काहीच शिकवलं नाही. रीतसर शिकलेल्यांच्या व्यवहारात फारसा फरक पडला नाही. ठोकताळेवाल्यांच्या नोंदी सुधारल्या आणि मंदीच्या आठवड्यांतली विक्रीही सावरली. आपल्याकडच्या वर्गांत रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद शिकवण्यात जाणारे दोन दिवस वाचवायला हरकत नाही.

व्याज

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्याआधी रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता. कारण हे होतं की प्रवर्तक सभासदांतल्या अनेक जणी निरक्षर होत्या. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा आणि त्या बायकांनी साक्षरता वर्ग चालवले आणि पुन्हा अर्ज केला. वाचता येत नव्हतं म्हणून नाकारता, पण व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी कॅल्क्युलेटरशिवाय काढून दाखवावं, असं त्या बायकांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. परवाना मिळाला. पुढे माणदेशी फाउंडेशन या त्यांच्याच संस्थेने बायकांसाठी उद्योगाची शाळा काढली आणि ती बसमधून गावोगाव नेली.

प्रौढ शिक्षणातला एक मूलभूत मुद्दा इथे आहे. निरक्षर बाईला हिशोब येत नाही हा गैरसमज आहे. “मावशी, ऐंशीच्या भावाने पाऊण किलो मटकीचे किती?” विचारा, ‘साठ’ हे उत्तर तुमच्या मोबाईलच्या आधी येईल. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे जुन्या पिढीत शाळेबाहेरही फिरत होते. आठवडी बाजारात बसणाऱ्या बाईचं गणित तोंडी पक्कं असतं, कागदावरचं कच्चं असतं. तेव्हा ‘१ ते १०० लिहा’ पासून सुरुवात केली की तिला अपमान वाटतो आणि ती तिसऱ्या दिवशी येत नाही. तिच्या तोंडी गणितापासून सुरुवात करावी, उत्तर आधी तिला सांगू द्यावं, मग तेच अंकांत कसं दिसतं ते दाखवावं.

व्याजाचा धडाही असाच द्यावा. गटात दर ‘शेकडा दोन रुपये’ असा बोलतात. तो महिन्याचा असतो, म्हणजे वर्षाला २४ टक्के, हे सगळ्यांच्या लक्षात आलेलं नसतं. त्यानंतर १२,००० रुपयांचं कर्ज घ्या, १२ हप्ते, दर १२ टक्के. सरसकट पद्धतीने, म्हणजे बाराही महिने पूर्ण १२,००० वर, व्याज १,४४० होतं. उरलेल्या रकमेवर घेतलं तर पहिल्या महिन्यात १२०, दुसऱ्यात ११०, असं उतरत शेवटच्या महिन्यात १०, बेरीज ७८०. दर दोन्हीकडे ‘बारा टक्के’च लिहिलेला आहे. मायक्रोफायनान्सवाला दारात येतो तेव्हा कामाला येणारा धडा हाच. खोट्या नोटा आणि चिंचोके घेऊन दोन्ही हप्ते प्रत्यक्ष मोजायला लावले तर तासाभरात समजतो.

वर्ग कधी, कसा

नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे उल्लास, १५ वर्षांवरच्या सगळ्या निरक्षरांसाठी आहे. त्याची चाचणी १५० गुणांची असते: वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. चाचणीपर्यंत बायकांना आणणारे स्वयंसेवक खरोखर कौतुकास्पद काम करतात. पण चाचणी संपल्यावर वाचायला काही नसेल तर वर्षभरात अक्षरं पुसट होतात. ज्या बाईकडे स्वतःच्या धंद्याची वही आहे तिची होत नाहीत. म्हणून साक्षरता वर्ग आणि उद्योग वर्ग एकाच गावात वेगवेगळ्या खात्यांनी वेगवेगळ्या महिन्यांत घेण्यात काही अर्थ नाही. गटाचं पासबुक, गॅसची पावती, डाळीच्या पोत्यावरचं लेबल, हीच वाचनमाला होऊ शकते.

वेळ दुपारी दोन ते चार किंवा रात्री जेवणं उरकल्यावर. पेरणी, काढणी आणि लग्नसराईत वर्ग ठेवू नये. बीड किंवा अहिल्यानगरच्या ऊसतोड गावांत दिवाळीच्या आसपास माणसं निघतात ती उन्हाळ्यातच परततात. त्या काळातल्या वर्गाच्या हजेरीपटावर नावं भरतील, माणसं भरणार नाहीत. सलग दहा दिवसांपेक्षा आठवड्यातून दोनदा दोन तास, असे दहा आठवडे चांगले. मधल्या दिवसांत शिकलेलं करून पाहता येतं आणि अडचण पुढच्या वर्गात आणता येते.

आणि चष्मा. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं. ‘मला जमत नाही’ म्हणून वर्ग सोडणाऱ्या कितीतरी बायकांना प्रत्यक्षात अक्षर दिसतच नसतं, आणि ते सांगायला त्या संकोचतात. पहिल्याच दिवशी प्रत्येकीला सुईत दोरा ओवायला सांगावं. ज्या हात लांब नेतात त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेत्रतपासणीला पाठवावं. बांगलादेशात ३५ ते ६५ वयाच्या माणसांना वाचनाचे साधे चष्मे देऊन केलेल्या पाहणीत आठ महिन्यांत त्यांची कमाई सुमारे ३३ टक्क्यांनी वाढलेली दिसली; ते निष्कर्ष २०२४ साली आले. शे-दोनशे रुपयांच्या वस्तूने इतका फरक पडत असेल तर प्रशिक्षणाच्या अंदाजपत्रकात बॅनर आणि हारांच्या आधी चष्मे यायला हवेत.

बाजार पाहणी हा वर्गाचा भाग असावा, आणि ती जोडीने करावी. दोघींनी मिळून पाच दुकानांत जायचं आणि विचारायचं: यातलं जास्त काय खपतं, किती वजनाचं पाकीट, माल कुणाकडून येतो, पैसे किती दिवसांनी देता, टक्के किती घेता, न खपलेला माल परत करता का. एकटी बाई दुकानदाराला हे विचारायला कचरते, दोघी असल्या की विचारतात. अहमदाबादला सेवा बँकेच्या (स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांच्या सहकारी बँकेच्या) महिला खातेदारांना दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन झालेल्या अभ्यासातही असंच दिसलं. ज्या मैत्रिणीला घेऊन आल्या होत्या त्यांनी पुढच्या काही महिन्यांत धंद्यासाठी कर्ज जास्त घेतलं, आणि नंतर त्यांच्या घरचं उत्पन्नही वाढलेलं आढळलं. एकट्या आलेल्यांमध्ये असा बदल दिसला नाही.

कागदपत्रं पहिल्या आठवड्यात

प्रशिक्षण संपल्यावर कर्जाचा अर्ज, मग चार-सहा महिने बँकेच्या फेऱ्या. तोवर उमेद संपते. अर्ज रखडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण नाव आहे: आधारवर सासरचं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, पासबुकात नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, पॅन काढलेलंच नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची कागदपत्रं एका टेबलावर मांडून नावं जुळवून घ्यावीत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत असते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नयेत. सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, तपासून घ्यावं; दुसऱ्याच्या कर्जाला राहिलेला जामीन इथेच उघड होतो.

सबसिडीबद्दल तर स्पष्टच बोलायला हवं. पीएमईजीपीत, म्हणजे उद्योगासाठी कर्ज आणि अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, ग्रामीण भागातल्या महिलांसाठी प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आणि ५ टक्के स्वतःचा हिस्सा, असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं ३५ टक्के हातात येणार. ते येत नाहीत. अनुदान बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि उद्योग चालू असल्याची तपासणी झाल्यावर कर्जात वळतं होतं. हे आधी न कळलेली बाई पहिल्याच वर्षी ‘आपल्याला फसवलं’ असं समजते आणि हप्ते थांबवते.

एका गावात वीस जणींना शिवणकाम शिकवून वीस मशीन देणं हीसुद्धा नेहमी दिसणारी चूक. गिऱ्हाईक तितकंच राहतं, शिलाईचा दर पडतो. बचत गट म्हणजे धंदाही एकत्रच, हा आग्रहही सोडावा. कच्चा माल एकत्र घेणं, पाकिटं आणि वाहतूक एकत्र करणं फायद्याचं असतं. उत्पादन आणि नफा ज्याचा त्याचा ठेवला तर भांडणं बरीच टळतात.

अगदी तळाच्या घरांसाठी

ज्या घरात उद्याच्या जेवणाची शाश्वती नाही, तिथे नुसतं प्रशिक्षण देणं अन्यायाचं आहे. दोन तास वर्गात बसणं म्हणजे त्या घरातल्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणं. बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने २००२ साली यासाठी वेगळा क्रम लावला: आधी शेळ्या किंवा गाय यांसारखी मालमत्ता, काही महिने खाण्यापुरता भत्ता, ठरावीक दिवशी घरी येणारा कार्यकर्ता, बचतीची सवय, आरोग्याची सोय, आणि या सगळ्याबरोबर प्रशिक्षण. भारत, पाकिस्तान, इथिओपिया, घाना, होंडुरास आणि पेरू या सहा देशांत त्याची चाचणी झाली. २०१५ साली आलेल्या निष्कर्षांत मदत थांबल्यावर वर्षभरानेही उत्पन्न आणि खाणंपिणं सुधारलेलं दिसलं. आपल्याकडे गावातल्या जनावरांची काळजी घेणाऱ्या पशुसखी आहेत, बचत गटांचे ग्रामसंघ आहेत. मनुष्यबळ हाताशी आहे. शेळीबरोबर पीपीआर या साथीच्या रोगाची लस, जंताचं औषध आणि विमा लागतो, आणि पहिले काही महिने कुणीतरी दर आठवड्याला दारात यावं लागतं.

नंतरची भेट

कर्नाटकात उजिरे इथे १९८२ साली सुरू झालेल्या रुडसेटी या स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेवरून देशभरच्या आरसेटी, म्हणजे बँकांच्या तशाच संस्था, उभ्या राहिल्या. त्यांच्या पद्धतीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग म्हणजे प्रशिक्षणानंतरचा दोन वर्षांचा पाठपुरावा. तो फोनवर ‘काय ताई, कसं चाललंय?’ असा झाला तर ‘बरं चाललंय’ हेच उत्तर येतं. घरी जावं, वही मागावी, दोन्ही डबे उघडून पाहावेत, शेवटच्या लॉटचा हिशोब तिच्याबरोबर बसून करावा. पहिली भेट पंधरा दिवसांत, मग तीन महिने दरमहा, नंतर तिमाहीला. कुठल्या दुकानाकडे किती उधारी आहे ते तारखेनिशी लिहून घ्यावं आणि दोन महिन्यांवर गेलेल्या वसुलीला तिच्याबरोबर जावं.

थांबायचं कधी, हे सुरुवातीलाच ठरवून द्यावं. लागोपाठ तीन लॉटमध्ये मालाचा खर्च निघाला पण मजुरी निघाली नाही, तर चौथा लॉट काढायचा नाही. असलेला माल पडत्या भावात का होईना संपवायचा, उधारी गोळा करायची, सीलिंग मशीन गटातल्या दुसरीला विकायचं, आणि आलेल्या पैशातून आधी कर्जाचा हप्ता भरायचा. कर्ज थकलं नाही तर तीच बाई सहा महिन्यांनी वेगळ्या मालाचा अर्ज घेऊन पुन्हा बँकेत जाऊ शकते.